पाचवा बोर्ड

रामनगर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मयूरी,

मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं चालायचं तसं चाललं आहे. तुझ्या आईचा, इंदू अक्काचा, गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे, तेव्हा काळजी करू नकोस. आमचा सूरज गणेशगुडीला राफ्टिंगवाल्यांच्या जीपवर असतो. महिन्यातून एकदा घरी येतो, जेवतो, मला 'बाबा, तुम्ही थकलात' असं सांगतो आणि जातो. मला ते माहीत आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, तोही काढायचा आहे. बघू.

दुकान सकाळी उघडतो, दुपारी कंटाळून बंद करतो. टीव्ही दुरुस्तीला आता कोणी आणत नाही, मिक्सर आणतात. परवा एका बाईंनी मिक्सर आणला, त्यात बिघाड काही नव्हता, फक्त घरचं बटण बंद होतं. मी तो उघडला, पुसला आणि 'झालं' म्हणून परत दिला. पूर्वी असल्या गोष्टीवर दोन दिवस हसलो असतो.

फोन का केला नाही, असं मनात येईल. फोनवर तू 'बरं हाय न्हवं मामा?' विचारतेस, मी 'व्हय' म्हणतो आणि दोघंही सुटतो. म्हणून पत्र.

बाजारकुणंगच्या वाचनालयात पुन्हा कॉम्प्युटर यायचे आहेत, हे अक्काने सांगितलं असेलच. कुठल्याशा ऑफिसाने टाकून दिलेले सहा मदरबोर्ड मिळालेत. मागच्यासारखंच, वीज पुरवणारा सप्लायचा डबा मात्र एकच धड आहे. म्हणजे तुझीच पद्धत लागणार, एका सप्लायवर सगळे बोर्ड. वाचनालय मंडळाचे अध्यक्ष गुरुदास मुद्दाम दुकानात आले होते. म्हणाले, बेळगावातला कोणी माहीतगार बघून द्या, पण मयूरी नको. मी 'बघतो' म्हणालो.

पुढचं उद्या लिहितो. डोळ्याला पाणी येतं आहे.

१८ नोव्हेंबर

उद्याचे चार दिवस झाले. डोळ्याचं निमित्त होतं.

मयूरी, दोन वर्षांपूर्वीचं सगळं तुला ठाऊक आहे असं तू समजतेस. मधलं तुला ठाऊक नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो, राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

तेव्हा आठ कॉम्प्युटर आले होते आणि विजा पडून, दाब कमीजास्त होऊन त्यांचे सप्लाय जवळजवळ सगळे गेलेले. डिप्लोमा करून तू नुकतीच घरी आली होतीस. चार चांगले बोर्ड निवडलेस, एकच चांगला सप्लाय टेबलाच्या मधोमध ठेवलास आणि त्यातून चारही बोर्डांना वेगळ्या वायरी काढल्यास. प्रत्येक वायरीला फ्यूज. आठवडाभर मीटर घेऊन मोजत होतीस. मी तुझी चेष्टा करायचो, की माझ्या तरुणपणी एका ट्रान्सफॉर्मरवर तीन रेडिओ गायचे आणि मीटर कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. तू मान वर न करता म्हणालीस, "मामा, लेबलावर लिवलंय त्याच्या निम्मंच खरं धरायचं. चारच. आनि एकदम चालू करायचे न्हाईत, एकामागनं एक."

भिंतीवर तसा कागदही लावलास. कन्नड आणि मराठी, दोन्हीत.

दोन महिने चारही बोर्ड बिनबोभाट चालले. पोरं शिकली, तुळजा वाचनालयाची किल्ली सांभाळता सांभाळता अर्ज भरायला शिकली. लोक मला रस्त्यात थांबवून तुझं कौतुक करायचे. मी हसून ऐकायचो. खरं सांगायचं तर थोडं टोचायचं. सोल्डरिंग तू माझ्या दुकानात शिकलीस आणि आता दुकानात येणारा माणूस विचारायचा, 'मयूरी हाय काय?'

मग उद्घाटन ठरलं. बाहेरचे पाहुणे येणार होते. पत्रिकेत 'पाच संगणक' छापलं गेलं, कारण गुरुदासांनी मला आकडा विचारला आणि माझ्या तोंडून पाच निघालं. का निघालं ते आजही सांगता येत नाही. चार म्हटल्यावर कमी वाटलं, एवढंच. तुला सांगितलं असतं तर तू पत्रिका बदलायला लावली असतीस.

त्या सकाळी तू अक्काला आणायला रामनगरला गेली होतीस. मी तुळजाकडून किल्ली घेतली आणि उरलेल्यांतला एक मोठा, जुना बोर्ड जोडला. वेगळी वायर काढायला वेळ नव्हता. चौथ्या बोर्डाच्या वायरीलाच हाताने पीळ मारला आणि वरून टेप गुंडाळली. फ्यूज आड येत होता म्हणून तो बाजूला ठेवला. चाळीस वर्षं टीव्हीत हात घातलेला माणूस मी, भाचीच्या कागदाला कशाला भिऊ, असं तेव्हा वाटलं.

तू आलीस तेव्हा पाहुणे दारात होते. टेबलावर मी चादर घातली होती, उद्घाटनाला बरी दिसते म्हणून. खालचं तुला दिसलं नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पाचही एकदम सुरू झाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत जळका वास आला, सप्लाय फुटला आणि जाता जाता तीन बोर्ड घेऊन गेला.

त्या गडबडीत तू मेन स्विचकडे धावलीस. मी चादरीखाली हात घालून पीळ उलगडला. पाहुण्यांना लोक बाहेर नेत होते, तेवढ्यात पाचवा बोर्ड माझ्या पिशवीत गेला. गुरुदासांनी आत येऊन विचारलं, "ह्ये जोडलं कुनी व्हतं?" मी म्हणालो, मयूरीने.

खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. चार बोर्ड तूच जोडले होतेस.

पाचव्याचं काय, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, तिथे बोर्ड नव्हताच, पाचवा दिसावा म्हणून नुसता पडदा वेगळ्या वायरीवर लावला होता, त्याचा संबंध नाही. तू विश्वास ठेवलास. संध्याकाळपर्यंत जळलेल्या वायरी मांडीवर घेऊन बसलीस, वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघितलेस आणि मला विचारलंस, "माझं मोजायचं कुठं चुकलं मामा?" मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, व्हतं असं, शिकशील.

त्या हाताची मला लाज वाटते, मयूरी. गप्प बसलो ते भित्रेपण होतं, ते मी स्वतःला कधीतरी माफ करीन. पण चूक माझी आणि धीर देत होतो तुला, ते नाही जमत.

पुढचं तू भोगलंस. 'पोरीच्या हाती दिलं की असंच' हे बाजारकुणंगपासून जोयड्यापर्यंत झालं. तुला मिळायचं होतं ते पंचायतीतलं काम दुसऱ्याला गेलं. तू बेळगावला साड्यांच्या दुकानात बिलं करायला लागलीस. लोकांचं मी मनाला लावून घेतलं नसतं. पण गणपतीत आली होतीस तेव्हा अक्काचा टेबलफॅन बंद पडला आणि तू तो उघडून बघितलासुद्धा नाहीस. 'मला न्हाई जमायचं,' म्हणालीस. मी फॅन दुकानात नेला, आणि दुकानाचं दार लावून रडलो.

तुझं मोजणं कुठेच चुकलं नव्हतं. तुझी वही मी नंतर तीनदा तपासली.

काल वाचनालयाची सभा होती. गेलो आणि उभं राहून सगळं सांगितलं, पिशवीसकट. मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. रात्रभर त्याची तयारी करून गेलो होतो. गुरुदास हसले. "ऱ्हाऊ दे परशुराम, वयानं व्हतंय असं. यंत्रच त्ये," म्हणाले. कोणीतरी माझ्या पुढ्यात चहा सरकवला. पाच मिनिटांत सभा छपराच्या गळतीवर गेली.

पाच मिनिटं, मयूरी. माझ्या चुकीला पाच मिनिटं पुरली आणि तुझ्या नसलेल्या चुकीला दोन वर्षं पुरली नाहीत. मी चहा बाजूला सारला. मी परत उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, मला सोडलंत तसं तिला का नाही सोडलंत? तेव्हा कुणी म्हणालं का, यंत्रच ते? तुळजा तेवढी बोलली, आणि तीही माझ्यावरच. "तिला सांगितलासा काय?" मी म्हणालो, पत्र अर्धं झालंय. ती म्हणाली, "मग हितं कशाला रडतासा? जावा, आदी त्ये पुरं करा."

ते आज पुरं करतो आहे.

मंडळाने शेवटी ठरवलं की सहा बोर्डांचं काम तुलाच सांगायचं. गुरुदास म्हणाले, तुम्हीच विचारा, तुमचं ती ऐकते. मी नाही म्हणालो. दोषही माझ्या तोंडून आणि बोलावणंही माझ्या तोंडून, हे बरं नाही. येत्या रविवारी गुरुदास आणि तुळजा स्वतः बेळगावला येतील. भरसभेत तुझं नाव खराब झालं ते तुझ्यासमोर बोलून मगच कामाचं विचारायचं, असं कबूल करून घेतलं आहे. मी त्यांच्याबरोबर येणार नाही. मी समोर असलो तर माझा पडलेला चेहरा बघून तू हो म्हणशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

म्हणून एवढंच सांगतो. हो म्हणायचं तर कामासाठी म्हण, आणि तुझ्या अटींवर. नाही म्हणायचं असेल तर दारातच म्हण. लांबून आलेत म्हणून पोहे करत बसू नकोस.

या पत्राला उत्तर नाही आलं तरी मी ते उत्तरच समजेन.

चूक ज्याची, तो
परशुराम