दौंडच्या गाडीपुरतं विमान

आप्पा, तुमच्या नातीनं व्हिडिओ गेम केलाय. खेळत नाही, केलाय. रांजणगावच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून, दोन वर्षं पुण्यातल्या एका खोलीत बसून, आणि तोही तुमच्या दुकानात होता तसला. काळं आभाळ, खाली एक विमान, वरून रांगेनं उतरणारे शत्रू आणि एक बटण. हल्ली म्हणे गेममधल्या माणसाच्या दाढीचा केसन् केस दिसतो. हिनं आठ चौकोनांचं विमान काढलंय. आज सकाळी आली, निवडायला घेतलेल्या गवारीशेजारी लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आई, उद्या सोमवारी ठरवायचंय. बाजारात सोडायचा की गुंडाळून परत नोकरी धरायची. तू यातच वाढलीस. पेपरात लोकांना सोलतेस तसं सोल." आमदारांपासून साहित्य संमेलनापर्यंत सगळ्यांना सोलून झालंय माझं, पण पोटच्या पोरीनं स्वतःहून मान पुढं केल्यावर मी आधी चार शेंगा निवडून घेतल्या.

गेम सुरू केला तर पडद्यावर आडव्या रेघा, कडेला काच फुगल्यासारखी आणि मधूनच चित्र थरथरतंय. मी म्हटलं, "अगं, बिघडलाय." ती म्हणाली, "मुद्दाम केलंय. जुना फील." आप्पा, या रेघा घालवायला तुम्ही उभा जन्म पाठ वाकवून, तोंडात टेस्टर धरून मशीनमागं बसलात. तुम्ही असतात तर लॅपटॉप पालथा घालून स्क्रू शोधायला लागला असतात.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचं दुकान. अर्ध्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अर्ध्यात दौंडहून गादीत गुंडाळून टेम्पोनं आणलेलं ते एकुलतं एक मशीन. सकाळी शटर वर गेलं की पहिला डाव माझा, कारण गिऱ्हाईक आल्यावर पोरीनं मशीनला हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. आई ओरडली की तुम्ही सांगणार, "खेळत न्हाई ती, टेस्टिंग करती." मग मशीनची पाठ उघडायची. आत एका पट्टीवर आठ बारकी पांढरी बटणं. शत्रू किती वेगानं येणार ते त्यांच्यावर ठरायचं. तुम्ही ती लावायचात समोरच्या स्टँडवरच्या वेळापत्रकाकडं बघून! आपलं गिऱ्हाईक म्हणजे गाडीची वाट बघणारा माणूस. जीव गुंतेपर्यंत तो टिकला पाहिजे आणि गाडी लागायच्या आत हरला पाहिजे. बाजाराच्या दिवशी मशीन सोपं, कारण पाबळकडची माणसं पहिल्यांदाच हात लावणार. शाळेच्या परीक्षेत एवढं अवघड की मास्तरांची तक्रार यायलाच नको.

एकदाच चुकलात. बाजारासाठी सोपं केलेलं मशीन दुसऱ्या दिवशी तसंच राहिलं. दौंडला लग्नाला निघालेले एक मामा बायकोला गाडीत बसवून "पाच मिनटं" म्हणून आले आणि काही केल्या मरेचनात. गाडी हलली, मामी खिडकीतून हाका मारतायत आणि मामा विमान सोडत नाहीत. शेवटी तुम्ही त्यांना स्कूटरवर घालून न्हावऱ्यापर्यंत गाडीचा पाठलाग केलात. पुढच्या बाजाराला मामी दुकानाच्या पायरीवर हजर. "आप्पा, आमी आपल्या येष्टीनं जातो. मालकांचं इमान कवा सुटतंय तेवढं सांगा."

तर आता निकाल ऐका. पोरीच्या गेमात बोट उचललं की विमान जिथल्या तिथं थांबतं, केसभर पुढं जात नाही. शत्रू यायच्या आधी बारीक टिक वाजते. कान ऐकतो, हात वळतो, डोकं मागून येतं. डाव चहा निवायच्या आत संपतो, आणि संपला की पुन्हा सुरू करायला बोट आपलं आपण जातं. दौंडच्या गाडीच्या वेळेत नेमका बसला असता. पण तिसऱ्या टप्प्यात शत्रूच्या गोळ्या पिवळ्या आणि स्फोटही पिवळे. गोळी होती हे मेल्यावर कळतं. दोन शत्रू पाठीमागून येतात, कसलीही वर्दी न देता. आणि शेवटचा राक्षस अवघड नाही, नुसता लांबलचक आहे, अध्यक्षीय भाषणासारखा.

तुम्हाला आठवतं का, एका कंडक्टरनं मशीनवर बुक्की मारली होती? "फसवतंय हे!" म्हणून ओरडला आणि मी कोपऱ्यात फिदीफिदी हसले. तुम्ही माझ्याकडं वळलात. मला म्हणालात, "हसायचं आसंल तर भायेर जाऊन हस. सोता चुकला आसता तर गप बसला आसता त्यो." मशीन उघडलंत. बटणाखालची पितळेची पत्री खरंच अडकलेली. "आपल्या चुकीनं मेला तर मानूस पुन्हा येतो," तुम्ही पत्री घासता घासता म्हणालात, "फसवून मारला तर न्हाई येत." समीक्षेवरची पुस्तकं पुढं पुष्कळ वाचली. यापेक्षा जास्त त्यात फारसं नव्हतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. म्हणजे चुका सांगितल्या, एकूण नऊ. तिनं एकेक लिहून घेतली. "गोळ्यांचा रंग बदलते, एका दिवसाचं काम आहे. मागून येणारे काढूनच टाकते." मग पेन खाली ठेवलं. "आणि चांगलं? एक तरी?"

"आवाज बरा आहे," मी म्हणाले.

"बरा," ती म्हणाली. मी भरून ठेवलेला डबा उचलला आणि गेली. आता कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असेल, 'बरा'वर विचार करायला भरपूर वेळ आहे तिला. या घरात कौतुकाला त्यापुढं कधी जाऊच दिलेलं नाही. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा तुम्ही "शाई बरी हाय" म्हणाला होतात. तेच कात्रण खिशात घालून तुम्ही अख्ख्या स्टँडला दाखवत फिरलात, हे मला तुमच्या दहाव्याला त्याच कंडक्टरनं सांगितलं.

ती गेल्यापासून मी अकरा डाव खेळले. गवार करपली. शेवटच्या चार डावांत हा गेम माझ्या लेकीनं केलाय, हेच मी विसरले होते. नुसती खेळत होते. यापेक्षा मोठी पावती मला देता येत नाही, आणि ती उद्याच्या आत तिच्यापर्यंत गेली पाहिजे. तरी फोन बाजूला ठेवून तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही तोंडाकडं बघत नाही. हा कागद कुठं जाणार नाही, तो घडी घालून ठेवते आणि तिला फोन लावते. वाक्य पाठ केलंय. पण कबूल करते, तिनं "बोल आई" म्हटलं की मी आधी डब्याचंच विचारीन.