मिरचीच्या वाफ्यातली नऊ नंबरची जर्सी

प्रिय रेमंड,

काल गावच्या जिमखान्याची पोरं आली होती. तुझी जर्सी काचेत घालून भिंतीवर लावायची म्हणतात. "काकी, काकांच्या मेन टीमची द्या ना," त्यांतला एक म्हणाला. मी हो म्हटलं, चहा दिला आणि ती गेल्यावर पायरीवरच बसून राहिले. तुझी मेन टीम कुठली रे? म्हणून आज तुलाच विचारायला बसले.

मुंबई, गोवा, कोलकाता, केरळ, मग पुन्हा गोवा. प्रत्येक फुटबॉल क्लबात एक हंगाम, फार तर दोन. मे महिन्यात तू बॅग घेऊन दारात उभा राहायचास आणि मी काही विचारायच्या आत सांगायचास, "पुढच्या वर्षी बघू म्हणाले." गोल मारणाऱ्या माणसाला असं का म्हणतात, ते मला कधी कळलं नाही. तुला कळत होतं का?

जुनी जर्सी तू माझ्याकडे टाकायचास आणि मी ती मिरचीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घालायचे. भुईगावच्या पोपटांनी तुझे सगळे क्लब पाहिलेत. एका वर्षी हिरवा रेमंड, एका वर्षी लाल. आपली आई ओट्यावरून बघत म्हणायची, "हा रेमंड बरा. जेवान मागत नाय, पानी मागत नाय, नि घर सोडून जात नाय."

मला हसू यायचं आणि तुझा रागही यायचा. पीसीओवर तुझा फोन आला की आधी मिरची कशी आहे विचारायचास, मग मी कशी आहे ते. गोल मारला असलास तर तो अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. बायकोला सांगायला कसली लाज?

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की ती जर्सी फुगायची, हात हलायचे आणि पाठीवरचा नऊ आकडा माझ्याकडे वळायचा. किती वेळा मी दोन कप चहा ओतलाय, सांगू?

आपली सोनिया नुकती चालायला लागली होती, ते आठवतं? तू अंगणात बॅग ठेवून खाली बसलास, हात पसरलेस. ती तुझ्या शेजारून धावत थेट वाफ्यात गेली आणि बुजगावण्याच्या काठीला मिठी मारून म्हणाली, "पप्पा."

तू उठलास. उन्हात त्याच्या शेजारी जाऊन तसेच हात पसरून उभा राहिलास. ती कितीतरी वेळ तुम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तुला हसू आवरलं नाही आणि ती तुझ्याकडे आली. काठी हसत नाही, एवढं तिला कळलं.

गुडघा गेला तेव्हा कुठे तू माझा झालास. निळा चौकड्यांचा शर्ट घालून वाडीला पाणी सोडायचास. ओहोटीच्या वाळूत पोरांना खेळवायचास आणि भरती लागली की ओरडायचास, "पानी आलं, चला घरी." मग तो ताप आला. देवाने तरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला हवं होतं.

आज सकाळी मी बुजगावण्याची जर्सी उतरवली. उन्हाने ती इतकी विटलीय की कुठल्या क्लबची ते ओळखू येत नाही, नुसता नऊ आकडा उरलाय. तीच देते पोरांना. आणि बुजगावण्याला तुझा निळा शर्ट घातला. तुझा वास जाईल म्हणून मी तो धुतला नव्हता. आता तो वास वाऱ्यावर गेला तरी आपल्याच वाडीत राहील. सोनियाने गळ्यापर्यंत बटणं लावली, मग वरचं काढलं. म्हणाली, "पप्पा हे लावत नव्हते."

ऐक रेमंड. शर्ट फाटला तर मी ठिगळ लावीन, काठी कुजली तर नवी रोवीन. पण या वाडीत तुला 'पुढच्या वर्षी बघू' असं कुणी म्हणणार नाही.

वाफ्याला पाणी सोडायला निघालेली,
तुझी फिलो