चटईवरची कोडी

लिस्बन, ४ मार्च १९९७

ती. माईस,
सा. न. वि. वि. बेसांव असावं, तुझा आशीर्वाद असावा.

गुडघ्याचं मलम वेगळ्या पाकिटाने पाठवलं आहे. ते शेजारच्या फिलोमेनाला वाटून टाकू नकोस. मोठी बातमी म्हणजे आपल्या इनेसचं लग्न सात जूनला नक्की झालं. मुलगा तियागो इथलाच, दातांचा डॉक्टर आहे, म्हणजे तुझ्या कवळीची सोय झाली. जेवण अर्थातच माझ्या रेस्तराँत, ‘चौदा खुर्च्यां’त.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. फोटोत दिसते ती तुझी समाराची कोडी, कोळंबीचं मसालेदार कालवण. तिच्यासाठी लोक दोन-दोन महिने टेबलाची वाट बघतात. मुलाखतीत मी सांगितलं, की ही गोव्यातल्या रायच्या आमच्या थोरल्या घराची चव, माझ्या आजीच्या, शामायच्या, चौदा खुर्च्यांच्या टेबलावरची. पापांचं नावही छापून आलं आहे, बघ.

एक गोष्ट मात्र या वेळी जमणार नाही. लग्नाआधीचं भिकाऱ्यांचं जेवण. इथे मी कुणाला कुठून गोळा करू? चर्चला देणगी देतो, ते बघतील. रागावू नकोस. तुझं तिकीट काढतो आहे.

माया आहे ती असू दे.
तुझा आवेर्तान


राय, १९ मार्च १९९७

चि. आवेर्तानला,
माईचं बेसांव आणि अ. आ.

मलम मिळालं. फिलोमेनाला अर्धंच दिलं.

कात्रण साऱ्या वाड्यात फिरून आलं. ताटलीत तीन सुंगटं, तीनच कोळंब्या, आणि बाकी नुसती ताटलीच. उरलेली कोडी फोटो काढणाऱ्याने खाल्ली का, असं फिलोमेना विचारते. मला दुसरंच दिसलं. सुंगटं ताजी आहेत. समाराच्या कोडीत सुकी घालायची असतात, हे मी तुला माझ्या हाताने शिकवलं होतं.

इनेसला माझे मुके. आता मुद्द्याचं. आपल्या घरातली एकही मुलगी गरिबांनी आधी जेवल्याशिवाय लग्न लावायला इगर्जीत गेलेली नाही. त्यांनी जेवायचं, आपल्या मेलेल्यांची नावं घेऊन मागणं मागायचं, मगच नवरीने पांढरा झगा घालायचा. देणगीला पोट नसतं, बाबा. एवढ्या मोठ्या शहरात उपाशी माणूस सापडत नसेल, तर तू रस्त्याने चालत नाहीस, गाडीतूनच फिरतोस.

मी रागावलेली नाही. पण हे होणार नसेल, तर माझं तिकीट काढू नकोस. मी इथूनच बेसांव पाठवीन.

लोभ आहे, हट्टही आहे, दोन्ही ओळखून राहा.
माई


लिस्बन, २ एप्रिल १९९७

ती. माईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इनेस रडली. तू आली नाहीस तर लग्न पुढे ढकलते म्हणते. मी मधल्यामध्ये सापडलो आहे.

माझा भागीदार सेन्योर आब्रेउ याच्याशी बोललो. तो म्हणाला, की रस्त्यावरची माणसं त्या खुर्च्यांवर बसली तर नेहमीचे लोक पुन्हा येणार नाहीत. मला त्याचं सगळंच पटतं असं नाही, पण वीस वर्षांची मेहनत आहे, माई. भांडी घासण्यापासून सुरुवात केली मी. म्हणून तोड काढली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी व्हॅन भरून भात आणि राजम्याची उसळ इथल्या ग्रासा भागातल्या चर्चपाशी पाठवतो. पोटभर होईल सगळ्यांना.

कोडी मात्र पाठवणार नाही. ती आपल्या घराण्याची शान आहे. प्लास्टिकच्या वाटीत ओतायला माझा हात धजत नाही. आणि सुकी सुंगटं इथल्या लोकांना उग्र लागतात, म्हणून ताजी घालतो. एवढं समजून घे.

ये, माई. तुझ्यावाचून मला यातलं काहीच गोड लागणार नाही.
तुझा आवेर्तान


राय, १६ एप्रिल १९९७

चि. आवेर्तानला,
अ. आ.

हे पत्र एकटा असताना वाच.

सुकी सुंगटं का, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्या घरातली लग्नं थंडीत व्हायची. तेव्हा बाजारात ताजी सुंगटं मिळायची. चौदा खुर्च्यांना ताजी वाढत. सुकी स्वस्त, म्हणून ती बाहेरच्या पंगतीला. शामायच्या टेबलावर तुझी ती कोडी एकदाही आली नाही. ती भिकाऱ्यांच्या जेवणाची कोडी आहे.

मला कसं ठाऊक? मी सात वर्षांची होते. आई मला हाताला धरून त्या घरी घेऊन गेली, तुझ्या पापांच्या आत्याच्या लग्नाआधी. आम्हाला बाहेर चटईवर बसवलं. पत्रावळीवर भात आणि वर ती कोडी. तशी चव मी त्याआधी घेतली नव्हती. एका बाईने सांगितलं, की पिएदादसाठी मागणं मागा. ती त्या घराची मेलेली म्हातारी. मी आजवर रोज मागते. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. मला मडगावच्या कॉन्व्हेंटातल्या मादरींनी वाढवलं, शिवण शिकवलं, आणि तिथेच तुझ्या पापांनी मला पाहिलं.

लग्नाआधी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, की तू आमच्या घरी माझ्याआधी जेवलीस, म्हणजे मोठी तूच. तुझ्या शामायने मला ओळखलं नाही. चटईवरच्यांचे चेहरे कोण बघतं? ती मला नुसती मादरींची अनाथ पोर समजायची, आणि मी समजू दिलं. जुनी स्वयंपाकीण मेली, तेव्हा ती कोडी मी जिभेच्या आठवणीवर पुन्हा जमवली, आणि पुढे तुला शिकवली.

मला लाज वाटत होती म्हणून बोलले नाही. आता वाटत नाही. पण तू माझी कोडी त्या माणसांना नको म्हणालास, ते लागलं. खूप लागलं.

आता तुला योग्य वाटेल ते कर. माया कमी होणार नाही.
माई


लिस्बन, ३० एप्रिल १९९७

ती. माईस,
सा. न. वि. वि. बेसांव मागतो, आणि माफीही.

पत्र तीनदा वाचलं. नंतर दोन दिवस मला स्वयंपाकघरात कुणी काही विचारलं नाही. माझा चेहराच तसा होता म्हणे.

सहा जूनला रेस्तराँ दिवसभर बंद. ग्रासाच्या पाद्रीबरोबर पायी फिरलो. तू म्हणालीस ते खरं, गाडीतून काहीच दिसत नव्हतं. चाळीस जण येतो म्हणाले. एका म्हाताऱ्या खलाशाने विचारलं, की वाइन असेल ना. असेल म्हणालो. आत, खुर्च्यांवर, चांगल्या ताटल्यांत वाढणार, आणि ताटली भरेल इतकं. सुकी सुंगटं मागवली आहेत. आब्रेउ दोन दिवस फुगून बसला होता, मग काल येऊन म्हणाला, की वाढायला मीही येईन, फक्त टाय घालणार नाही. ज्याने मुलाखत घेतली, त्याला कोडी खरी कुठली ते तू हो म्हणालीस तरच सांगीन.

आता एक अडचण आहे. जेवणाआधी मेलेल्यांची नावं सांगावी लागतील. वहीत लिहायला बसलो. पापांच्या बाजूची पिएदादपर्यंत अकरा नावं भराभर आली. तुझ्या बाजूला आलो आणि हात थांबला.

तुझ्या आईचं नाव काय, माई? अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो, आणि मला ते ठाऊक नाही.

उत्तर लवकर पाठव.
तुझा आवेर्तान


राय, १२ मे १९९७

चि. आवेर्तानला,
माईचं बेसांव.

पोस्टमन दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात.

तिचं नाव केरुबिना. मादरींनी मला वाढवल्यापासून मला ते कुणीच विचारलं नव्हतं. लिहितानाही बरं वाटतं. केरुबिना. वहीत तिला पिएदादच्या शेजारी लिही.

मुलाखतवाल्याला खुशाल सांग. तिकीट काढ. फिलोमेनाने माझी पेटी भरायला घेतली आहे. तिला मलम ठेवून येते.

आणि त्या दिवशी मला तुझ्याबरोबर वाढायला उभी करू नकोस. एकेचाळिसावी खुर्ची मांड. मी त्यांच्यात बसून जेवणार आहे.

भेटीअंती लोभ.
माई