नोएमीच्या डोक्यावरचा हार

७ ऑक्टोबर, मंगळवार

सगळ्यात आधी कोण टपकलं? आमचा क्विरीनो! समारंभ शुक्रवारी, आणि माझा धाकटा भाऊ मंगळवारी सकाळीच दारात — सोबत बायको झेलिंदा, तेलाचा डबा आणि पिशवीत जिवंत कोंबडा! म्हटलं, "अरे, रोममध्ये कोंबडे मिळतात." तर म्हणतो कसा, "मिळतात गं अक्का, पण त्यांना चव कुठे असते?" कोंबडा आता न्हाणीघरात आहे. आंघोळीचे वांधे.

मी मात्र खूश! घर भरलं की मला भूक लागते. आणि कारणही तसंच. माझी नात पदवीधर होणार — घराण्यातली पहिली! तेही त्या बड्या खाजगी विद्यापीठातून. व्यापार, कायदा, राजकारण शिकवतात तिथे. कारखानदारांची, मंत्र्यांची पोरं गाडीतून उतरतात, आणि आमची नोएमी बसमधून. स्वतःच्या हुशारीवर शिरली. आई नाही तिला, मीच वाढवली. बाप, म्हणजे माझा एत्तोरे, ट्राम चालवतो. महिनाभर चढेल त्याला सांगतोय. तिकीट नसलं तरी चालेल, पण बातमी ऐकून जा!

झेलिंदाने लाल साखर-बदाम आणलेत. पदवीला लाल, लग्नाला पांढरे. माझ्या लग्नात पांढरे कमी पडले होते, सासूने आयुष्यभर ऐकवलं. बाई गेली, बदाम नाही गेले.

त्याच दिवशी, जेवणानंतर

जे झालं ते लिहिते.

जेवता जेवता क्विरीनोने पिशवीतून लॉरेलच्या पानांचा हार काढला — पदवी मिळाली की डोक्यावर घालतात तो. स्वतःच्या परसातली पानं, वर लाल फीत. मी ओरडले, "झाक मेल्या! शुक्रवारच्या आधी दाखवू नको!" पण त्या गाढवाने सरळ नोएमीच्या डोक्यावर ठेवला. "या बाईसाहेब, आमचा खटला फुकट लढाल ना?"

पदवीआधी हार डोक्याला लागला, तर पदवी कधीच मिळत नाही. इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि नोएमी तर त्यात पहिली! मैत्रिणीच्या समारंभात असाच हार घरंगळत पायाशी आला, तर ही किंचाळत खुर्चीवर चढली होती.

आज डोकं मागे घेतलं नाही. बसून राहिली. पानं कपाळावर आलेली, आणि हसत होती.

सगळे हसले. मी पण हसले. पण माझ्या हातातला डाव रश्शात पडला तो मला सापडेचना.

८ ऑक्टोबर

डोळ्याला डोळा नाही. ज्याला काही मिळायचंच नाही, तो अपशकुनाला कशाला भिईल?

एकेक आठवतंय. एत्तोरे विचारतो, "दालन कुठलं गं?" ती म्हणते, "सांगते बाबा नंतर." प्रबंध छापून आला म्हणाली, पण दाखवला कुणाला? आणि मला टीव्हीवरची ती मुलं आठवतात. दर एक-दोन वर्षांनी एखादं असतंच. घरचे नटूनथटून, फुलं घेऊन उभे, आणि मूल पोचतच नाही. मग कळतं की परीक्षा दिल्याच नव्हत्या. मी तेव्हा म्हणायचे, अगं बाई, घरातल्यांना कळलं कसं नाही?

आता मी घरातली.

८ ऑक्टोबर, परत आल्यावर

तिच्यामागे गेले. "मला शाळेचं दार तरी दाखव," म्हटलं. नाही म्हणाली नाही. बसने निघालो. विद्यापीठाचा थांबा आला, लोक उतरले. ही उतरली नाही. मी पण नाही. पुढे बागेपाशी उतरलो.

तळं आहे तिथे. एका बाकाशी गेली तर कासवं भराभर काठाला! ओळखतात तिला. डबा उघडला, आणि मी पहाटे उठून केलेलं ऑम्लेट तुकडे करून त्यांना घातलं. म्हणजे वर्षभर माझा डबा कासवं खात होती. म्हणून इतकी गुबगुबीत!

म्हणाली, "आजी, शुक्रवारी काही नाहीये."

कायद्याची तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा तीसपैकी बावीस मिळाले, पास व्हायला अठराच लागतात. घेतले नाहीत! नको म्हणता येतं म्हणे, पुन्हा बसायचं. हुशार पोरींनी कमी घ्यायचे नसतात म्हणे. "वाढलेलं ताट परत केलंस?" मी म्हटलं. दुसऱ्यांदा वाचाच बसली. तिसऱ्यांदा दारातूनच परतली. मग दाराशीही जाईना. ती धरून तीन परीक्षा राहिल्यात.

"मग शुक्रवारी तू काय करणार होतीस?"

"माहीत नाही, आजी."

पाण्याकडे बघत म्हणाली. रागवायचं होतं मला. पण मी तिची बाही घट्ट धरली, आणि घरी येईपर्यंत सोडली नाही. बसमध्ये एक बाई म्हणाली, "आजींना धरून ठेवा हं, पडतील." म्हटलं, हो बाई, मीच पडेन.

आज माझ्या खोलीत निजेल. कोंबड्याचं निमित्त केलंय.

९ ऑक्टोबर

सांगितलं. सगळ्यांसमोर, तिनेच. मी फक्त शेजारी बसले होते.

झेलिंदाने तोंडात घातलेला बदाम तसाच गालात ठेवला. एत्तोरे म्हणाला, "मी ट्रामवर सगळ्यांना सांगितलंय." एवढंच. टोपी घेतली आणि दार आपटून गेला.

९ ऑक्टोबर, दुपार

एत्तोरे आला नाही. फोन घरीच टाकून गेलाय. आता दोघांची भीती. एकीकडे खिडकी, एकीकडे खोलीचं दार. क्विरीनो सारखा जिन्यात जाऊन बघतोय. त्याने थट्टा सोडली की मला जास्त भीती वाटते.

९ ऑक्टोबर, दिवे लागल्यावर

आला! बूट न काढता तिच्यासमोर बसला.

"विद्यापीठात गेलो होतो."

नोएमी पांढरीफटक. "कुणाला भेटलात, बाबा?"

"कुणाला नाही. फाटकाशी उभा होतो. आत जायचं होतं, विचारायचं होतं. पायच उचलेना. एवढ्या मोठ्या ट्रामी वळवतो मी, आणि तिथे एक पोरगा विचारतो 'काय हवंय, काका?' तर माझ्या तोंडून शब्द फुटेना." मग म्हणाला, "तू रोज कशी जात होतीस गं?"

ती रडली. तो रडला. मग न्हाणीघरात कोंबडा ओरडला, तेव्हा क्विरीनो म्हणाला, "चला, याला कुणीतरी पास करा."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जेवलो. नवे कपडे घालून, पोटभर. कोंबड्याला चव होती. लाल बदाम ठेवून दिले.

नोएमीने विद्यापीठात फोन केला. आम्ही सगळे कान देऊन. फेब्रुवारीत बसता येईल म्हणाले. "अठरा दिले तरी घे!" एत्तोरे मागून ओरडला.

माझी भीती गेली नाही. ताटं उचलताना दोनदा तिला बघून आले.

११ ऑक्टोबर

मंडळी निघाली. दारात क्विरीनोने तोच हार उचलला, पानं सुकलेली. "जाता जाता एकदा, बाईसाहेब," म्हणत तिच्या डोक्याकडे नेला.

पोरगी टुणकन मागे! थेट कपाटामागे. "मामाआजोबा, नको! अपशकुन होतो!"

क्विरीनो खजील झाला. मी भिंतीला टेकून हसले, डोळे गळेपर्यंत.

परत येतो म्हणालेत — संत मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, नवी वाइन घेऊन.