पियानोच्या पायाखालचं पुस्तक

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे निम्माच वाकलो आहे. उरलेला प्रत्यक्ष भेटीत.) पत्र वाचायच्या आधी एक काम कर. पाकीट उजेडात धर आणि डिंक लावलेली कड बघ. कडेवर मी पेन्सिलीने तीन बारीक रेघा मारल्या आहेत. त्या जुळत नसतील तर पाकीट वाटेत कुणीतरी उघडलं आहे असं समज आणि पुढचं सगळं खोटं आहे, असं घरात मोठ्याने म्हण. जुळत असतील तर दार लावून वाच. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना माझा नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस. भाऊजी देवमाणूस आहेत, पण सख्ख्या भावाचा विषय निघाला की देवमाणसंही पाघळतात, आणि विषय त्यांच्या सख्ख्या भावाचाच आहे. फोनवर बोललो असतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरतेस.

होय, तुझे धाकटे दीर. आमचे पियानोवाले. तुझ्याच लग्नात मी त्यांना हेरलं होतं, आठवतं? सगळे जेवत होते आणि हा माणूस ताटाच्या कडेवर बोटं नाचवत बसला होता. मी त्यांना हाताला धरून आमच्या हॉटेलात आणलं, सतरा वर्षं शेजारी बसवलं, आणि आता तेच मला बँडमधून काढायला निघाले आहेत. पुरावे आहेत. सगळे सांगतो, पण आधी माझी बाजू नीट ध्यानात घे, कारण तिकडची बाजू तू दर सोमवारी जेवायला वाढतेस.

लोकांना वाटतं, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची चैन असते. चैन कसली डोंबलाची! अग्निशमन दलाच्या बँडात मी शिकलो. तिथे सूर चुकला तर ओरडा बसायचा आणि मधेच घंटा झाली तर वाद्य टाकून गाडीवर चढावं लागायचं. (अजूनही घंटा ऐकली की मी बूट शोधतो.) मग सहा वर्षं बोटीवर काढली. बोट हलायची, श्रोते आजारी पडायचे आणि दोष जॅझला द्यायचे. गेली एकोणीस वर्षं या हॉटेलच्या जेवणघरात संध्याकाळी पाच ते आठ, चहाच्या वेळेला आम्ही चौघं वाजवतो. ड्रमवाल्याला आम्ही भूकंप म्हणतो. बासवाल्याला मुखस्तंभ म्हणतो, कारण एवढं माणसापेक्षा उंच वाद्य धरून उभा असतो पण तोंडातून अक्षर काढत नाही. (हाही मला आता संशयास्पद वाटतो. इतकं गप्प राहण्यासारखं याच्याकडे आहे तरी काय?) आणि कविता तर तुला माहीतच आहेत. पहिला संग्रह औषधांची लेबलं छापणाऱ्याने छापला. छपाई सुरेख, पण मागच्या पानावर ‘मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे’ हे तसंच राहून गेलं. एका समीक्षकाने फक्त त्याच ओळीचं कौतुक केलं. आता तीन महिन्यांपासून दुसऱ्या संग्रहाची जुळवाजुळव चालली आहे, आणि नेमके तीन महिन्यांपासूनच हे सगळे प्रकार सुरू झाले आहेत. हा योगायोग वाटतो तुला? मला नाही वाटत.

कट समजायला आमच्या वाजवण्याची रीत तुला माहीत हवी. आधी चौघं मिळून मूळ चाल वाजवतो. मग एकेक जण पाळीपाळीने आपल्या मनाचं वाजवतो, बाकीचे मागून हलकी साथ धरतात. (माझी पाळी नसते तेव्हा मी नुसता बाजूला उभा असतो, साथीला माझी गरज नसते.) कुणी किती वेळ वाजवायचं हे कुठे लिहिलेलं नसतं. त्याचं पोटभर झालं असं वाटलं की मी टाळूवर तळहात ठेवतो. ती खूण. खूण दिसली की सगळ्यांनी परत मूळ चालीवर यायचं, हुकूम म्हणजे हुकूम. ही खूण मी काढलेली नाही, वादकांत ती जुनीच आहे. ती द्यायचा मान मात्र वयामुळे माझ्याकडे.

आता ऐक. गेले तीन महिने पियानोवाले आपल्या पाळीला छान रंगात आलेले असतात, मी बिचारा डोळे मिटून उभा, आणि अचानक सगळे मूळ चालीवर परत. मी खूण दिलेली नसते. माझी तारांबळ उडते. सॅक्सोफोनच्या तोंडाशी जी वेताची पट्टी असते ती ओली करून ठेवावी लागते. ती तोवर वाळलेली असते, त्यामुळे पहिलाच सूर बदकाचा निघतो आणि समोरची माणसं केक खायची थांबून माझ्याकडे बघतात. मग मला सांग, खूण दिली कुणी? मी खूप विचार केला. पियानोवालेच डोळ्याने काहीतरी खुणावत असणार. स्वतःचं वाजवणं स्वतःच मधेच तोडायचं, म्हणजे मी बेसावध सापडतो आणि मॅनेजरसमोर माझं बदक होतं. स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याला गोत्यात आणणारा माणूस किती पोचलेला असेल याचा विचार कर.

शिवाय मी आत गेलो की भूकंप आणि ते बोलायचे थांबतात. परवा मॅनेजरने मला विचारलं, हल्ली दमता का हो? (महिनाअखेर करार नवा व्हायचा आहे. एकोणीस वर्षांत या माणसाने मला कधी कसे आहात असंही विचारलं नव्हतं.) माझ्या पट्ट्या कुणी बदलतं की काय म्हणून मी त्यांवर पेन्सिलीने आकडे घातले, तर चार नंबरची पट्टी गायब झाली. ती नंतर माझ्याच कोटाच्या खिशात सापडली, पण ती तिथे घातली कुणी? आणि सगळ्यात लागलं ते वेगळंच. जेवणघरात नवी फरशी बसवल्यापासून पियानोचा एक पाय तोकडा पडतो, आणि त्या पायाखाली तुझ्या दिरांनी काय सरकवलं असेल? माझा कवितासंग्रह. आत माझ्या अक्षरात ‘स्नेहपूर्वक भेट’ असं लिहिलेला. मी वाकून बघितला. (उसण तेव्हाच भरली.)

मागच्या शुक्रवारी तर त्यांनी कमाल केली. वाजवून झाल्यावर पियानोचं झाकण लावलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, “माझं वाजवणं नकोसं झालं असेल तर तोंडावर सांगा. असं दर वेळी मधेच तोडत जाऊ नका.” आता याला कांगावा नाही तर काय म्हणायचं? मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं आहे. पण गप्प बसलेलो नाही. उद्या बुधवारी मी माझा मोबाइल सगळे दिसतील असा फुलदाणीला टेकवून ठेवणार आणि पाच ते आठ सगळं चित्रित करणार. चोरटी खूण कोण देतो ते दिसलं की ती फिल्म मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार. तुझ्याकडे काम एवढंच, की सोमवारी ते जेवायला आले की त्यांच्याकडून माहिती काढ. सरळ विचारू नकोस. आधी भरपूर वाढ, आणि माणूस सैलावला की विचार.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना शहाणपण.

तुझाच, पण सावध,
धाकटा

ता. क. (गुरुवार) घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं. फिल्म आली आहे. काल रात्री घरी आल्या आल्या तुझ्या भावजयीला समोर बसवलं, साक्षीदार हवा म्हणून. ती इस्त्री करत बघत होती. मी भूकंपाच्या भुवया बघत होतो, मुखस्तंभाचा अंगठा बघत होतो, पियानोवाल्यांचे डोळे तर चारदा मागे नेऊन बघितले. काही दिसेना. मग तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, “अहो, खूण तर तुम्हीच देताय.”

ताई, सात वेळा. पियानोवाले वाजवत असतात, मी डोळे मिटून उभा, आणि माझा उजवा हात आपला सावकाश वर जातो आणि टाळूवर बसतो. त्या हाताचा मालक मी असूनही मला पत्ता नाही. भूकंप दचकून पियानोवाल्यांकडे बघतो, पण करतो काय, हुकूम म्हणजे हुकूम. पियानोवाले बोटं उचलून मांडीवर ठेवतात. तेवढंच मी बघितलं, पुढचं बघवेना. तू हसत असशील. शाळेत गणित अडलं की मी असाच टाळूवर हात ठेवायचो आणि आई म्हणायची, झाकण उडू नये म्हणून धरून बसलाय. आता गणित नाही, कवितेची ओळ. ओळ यायला लागली की माझा हात वर जातो. माझ्याविरुद्ध कट होता हे खरंच निघालं, फक्त कट करणारा मीच होतो. (तुझ्या भावजयीने ही फिल्म आधी कधी बघितली होती की काय, असा मला संशय आहे. इतक्या पटकन तिला कसं कळलं?)

ता. क. २ (शनिवार) एक सांगायचं टाळत होतो. बुधवारचं वाजवून झाल्यावर पियानोवाले आपली बसायची उशी काखोटीला मारून निघून गेले. त्या वेळी मी फुलदाणीला टेकवलेला मोबाइल उचलत होतो, त्यांनी जाताना वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, पकडले गेले म्हणून पळाले. मॅनेजर म्हणतो, त्यांना दुसऱ्या गावच्या हॉटेलात पहिल्या तारखेपासून बोलावणं आहे. त्यांची जागा तो या मंगळवारपर्यंत धरून ठेवणार, मग नवा माणूस घेणार. गुरुवारपासून एक बदली पियानोवाला आला आहे. मुलगी बघायला आल्यासारखा ताठ बसून वाजवतो, चूक एकही करत नाही.

ता. क. ३ (शनिवारच, पण चहानंतर) संशय फेडून घ्यावा म्हणून मी कवितांची वही काढली. मी प्रत्येक ओळीखाली ती कधी सुचली ते लिहितो, म्हणजे उद्या कुणी चोरली तर पुरावा राहतो. सगळ्या नोंदी बघितल्या. भूकंपाच्या पाळीला एक ओळ नाही. मुखस्तंभाच्या पाळीला एक नाही. घरी, बसमध्ये, टेबलाशी बसून एक नाही. तीन महिन्यांतली प्रत्येक ओळ तुझ्या दिरांच्या पाळीत सुचलेली आहे. ते वाजवायला लागतात आणि मला सुचायला लागतं. आणि मी दर वेळी, तिथेच, त्यांना गप्प करत आलो. बुधवारी सुचलेली ओळ होती: ‘पायरी संपली तरी पाय पुढची पायरी शोधतो.’ त्याची पुढची ओळ यायच्या आत माझा हात डोक्यावर गेला होता. गुरुवारपासून बदलीवाला वाजवतो आहे आणि मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहतो, पण काही येत नाही. पत्राचं खरं काम हे आहे, ताई. सोमवारी त्यांना वाढ आणि सांग की परत या. मला मान वर करून हे म्हणता यायचं नाही. म्हणावं, तो आता खुणेचा मान भूकंपाला देणार आहे. म्हणावं, तुमच्या पाळीला तो हात खिशात घालून उभा राहील. मी पाठवलं असं मात्र सांगू नकोस. त्यांना लगेच काहीतरी काळंबेरं वाटेल. स्वभावच संशयी आहे, तुझ्या सासरचा.

ता. क. ४ (रविवार, पाकीट चिकटवताना. टपालाने सोमवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून आजच माणसाहाती पाठवतो आहे.) आज बदलीवाल्याने तक्रार केली की पियानो डुगडुगतो. मी वाकून बघितलं. पायाखाली पुस्तक नाही. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, साहेबांनी बुधवारी जाताना स्वतः पियानोचा पाय उचलून पुस्तक काढलं आणि रुमालाने पुसून नेलं. साहेब म्हणजे तुझे दीर. चोरी म्हणावी तर पुस्तक त्यांचंच. मग जाणाऱ्या माणसाने ते कशाला न्यावं? मला यात काहीतरी वेगळाच संशय येतो आहे, पण तो लिहायला धीर होत नाही. सोमवारी त्यांची पिशवी जरा बघशील का?