फिटरची नात

वैमानिक प्रशिक्षण तळ,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस,
सा. न. वि. वि. मोबाइल जमा करून घेतलेत, म्हणून तुमच्यासारखी पत्र लिहायला बसलेय. हसू नका.

तुम्ही सतरा वर्षं जिथे इंजिन फिटर होता, तिथेच तुमची नात विमान उडवायला शिकतेय, अजून खरं वाटत नाही. काल प्रशिक्षकांनी तळाचा इतिहास सांगितला. महायुद्धात इथे माळावर नुसती मातीची धावपट्टी होती, मग शाळा झाली. एकाहत्तरच्या लढाईतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिलं विमान इथेच उतरवलं. छाती फुगली. पण दीड तासात फिटरचं नाव एकदाही नाही! मला रागच आला.

वाईट बातमी म्हणजे, सोलोच्या, म्हणजे एकटीने विमान उडवण्याआधीच्या चाचणीत मी नापास झाले. उतरताना विमान धपकन आदळतं. आता शेवटची संधी २४ तारखेला, शुक्रवारी. तीही गेली तर सरळ घरी. प्लीज, आईला एवढ्यात सांगू नका ना.

लोभ आहेच, यावेळी जरा जास्त असू द्या.
तुमची,
श्रुतिका

चारकोप,
१३ जानेवारी २०२५

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.
वाट लागली गो! तुझ्या आईने सेक्टरच्या नाक्यावर बॅनर लावलाय. ‘आपल्या सेक्टरची पहिली फायटर पायलट’. तुझा फोटो आठ फुटी आणि खाली शुभेच्छुक म्हणून शेजारच्या निलेशपासून मासळीवाल्या सोनूबाईपर्यंत सगळे. उतरवला तर लोक विचारणार, ठेवला तर मला झोप नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

फिटरच्या नावावरून रागावू नको. आमचं नाव उड्डाणाआधीच्या फॉर्मवर असायचं. माझ्या सहीशिवाय माझ्या रांगेतला एकही साहेब वर गेला नाही. सहीआधी हत्यारांची पेटी बघायची. प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच. एक जरी रिकामी दिसली की हत्यार कुठल्यातरी विमानात राहिलं समजायचं, रांगेतली सगळी विमानं जागेवर. एकदा माझा स्क्रूड्रायव्हर सापडेना. मी ओरडलो, अकरा विमानं थांबली. एका साहेबाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर त्याच साहेबाच्या विमानाच्या शेपटीत मिळाला. मग चहा पाजला मेल्याने.

उतरण्यातलं मला काय कळतंय? मी कधी वर गेलोच नाही. घाबरू नको, पोटभर जेव.
आजोबा

वैमानिक प्रशिक्षण तळ,
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस,
सा. न. आजचा नमस्कार खरोखर वाकून.

शुक्रवारी विमानात चढणार, तेवढ्यात फिटर विशालच्या पेटीकडे नजर गेली. पान्याची एक खाच रिकामी! कुणाच्याच लक्षात नव्हतं. बोलले तर विमानं थांबणार, दुपारी वारा वाढणार आणि माझी संधी जाणार, हे कळत होतं. तरी बोलले. विशाल पांढराफटक पडला. पाना शोधायला दोन तास गेले आणि मिळाला माझ्याच सीटखाली. तोवर वाऱ्यामुळे माझं उड्डाण रद्द. खोलीवर येऊन रडत रडत ट्रंक भरली.

शनिवारी मुख्य प्रशिक्षकांनी बोलावलं. पेटी बघायला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, आजोबांनी, सार्जंट चंद्रप्रकाश परब, इंजिन फिटर, इथलेच. साहेब म्हणाले, राहिलेली चाचणी आज घेऊ, आणि स्वतः माझ्याबरोबर विमानात बसले. दोन फेऱ्या झाल्यावर उतरले आणि म्हणाले, आता एकटी जा.

आजोबा, मी गेले! आणि उतरलेसुद्धा, अगदी अलगद. झकास! दीक्षान्त परेडच्या निमंत्रणावर तुमचं नाव साहेब स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत. माझे आजोबा म्हणून नाही, तळाचे फिटर म्हणून.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
श्रुतिका

चारकोप,
३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिकास आशीर्वाद.
पत्र तीनदा वाचलं आणि रडलो, लपवत नाही. तुझ्या आईला, नलिनीला, आता सगळं सांगितलं. आधी माझ्यावर ओरडली, मग शेजारी पेढे घेऊन गेली.

एक गोष्ट मात्र ऐकायची. परेडला खांद्यावर पट्टी लागली की तू अधिकारी. मला बघून पाया पडायला धावू नकोस. आधी मी सॅल्यूट ठोकणार आणि तू तो ताठ उभी राहून घ्यायचा. सतरा वर्षं ड्यूटी म्हणून ठोकले. हा एक मला मनापासून ठोकायचाय.

तुझा,
सार्जंट परब, इंजिन फिटर