कोठीतल्या पैशानं लाईटबिल भरत न्हाई

निलंगा, सोमवार, दिवेलागण

विसरभोळे म्हातारे, पुढच्या महिन्यात हे पान वाचून घेशील अन् "हे मी कवा सांगितलं?" म्हणशील. म्हणूनच नातीला, पूजाला, समोर बसवून लिहून घेतेय.

लातूरच्या थोरल्या सुनेनं, सुनंदानं, लाईटबिल माझ्या खात्यातून आपोआप भरायची सोय करून दिली. मी निर्धास्त. पण माझी खोड कुठं जाती? पेन्शन आली की त्याच दिवशी सगळी काढायची अन् ज्वारीच्या कोठीत लपवायची. खात्यात काही उरलंच न्हाई, तर बिल भरणार कशातून? दोन बिलं थकली. आज सकाळी वायरमन शिडी घेऊन दारात. फ्रिजात माझं इन्सुलिन!

सुनंदाला फोन लावला. वाटलं, आता चांगलीच झाडणार. ती तर हसायलाच लागली. "आत्याबाई, बँकेचा हात तुमच्या कोठीपर्यंत पोचत न्हाई हो!"

शिडी भिंतीला लागायच्या आत तिनं तिकडूनच बिल भरलं. मग बिल आपोआप भरायची तारीख पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी लावली. म्हणाली, "बिलापुरते खात्यात राहू द्या, बाकीचे खुशाल कोठीत ठेवा. अन् बिलाचा मेसेज आला की पूजाकडून आकडा वाचून घ्या. चुकीच्या आकड्याचं बिल बी आपोआपच भरलं जातं."

लई गुणाची हाय. तोंडावर कधी म्हणले का मी? न्हाई.

पूजा, उद्याच्या एसटीनं काकूला धपाटे पाठव. लसूण सढळ घाल, अन् डब्यावर तिचंच नाव टाक, न्हाईतर माझा लेक एकटाच फस्त करील.